कणीक जास्त झाली

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात. आमचं पोळीभाजी केंद्र, त्यामुळे कणकेला तोटा नाही. त्या दुपारी गच्चीवर सरावाला बसताना मी चांगला मोठा गोळा थापला. म्हटलं, जड केला की आवाज दबेल.

दबायलाच हवा होता. गच्चीच्या बरोबर खाली राहणाऱ्या शेफालीताई डोक्याचं ऑपरेशन होऊन कालच घरी आल्या होत्या. सोसायटीने बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली की गच्चीला कुलूप. सराव थांबला, तर रविवारी कसबा पेठेतल्या देवळात आमच्या महिला भजनी मंडळाबरोबर पुन्हा देवळातला पखवाजी गेनबाच वाजवायला बसणार. 'बायकांना झेपत नाही' हे तो हसतहसत म्हणतो, म्हणून भांडताही येत नाही.

पखवाजावर गोधडी टाकली, ठेका धरला. माझ्या कानाला तरी कुजबुजच वाटली.

जिन्याचं दार धाडकन उघडलं. शेफालीताईंचे यजमान, दत्तप्रसाद. अनवाणीच.

"अहो, आपण पखवाज वाजवताय की खांब ठोकताय?"

"गोधडी टाकलीये हो!"

"गोधडी वर, आणि पखवाज थेट स्लॅबवर. आमचा पलंग हादरतोय. ती डोकं धरून बसलीये."

"तक्रार करणार?"

वाकून त्यांनी कणकेकडे पाहिलं. "हे काय, पुरणपोळी?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कणीक जितकी जास्त, तितका आवाज खर्जात. आणि खर्ज हवेत विरत नाही, भिंतीत शिरतो. जन्म कणकेत गेला आणि हे सुचू नये! मी निम्म्याहून जास्त खरवडून काढली. गोधडीची चौघडी घालून पखवाज तिच्यावर ठेवला.

"एकदाच वाजवते. ताईंना त्रास झाला, तर गच्चीची किल्ली मीच आणून देते."

"तिला आता जरा पडायला लावतो. मी खाली जातो. दचकली, की संपलं."

ते गेले. थोड्या वेळाने मी वाजवू लागले. हात पखवाजावर, कान जिन्याकडे. मध्येच फोन वाजला. त्यांचाच. मी ठेका सोडून तो उचलला.

"का थांबलात?" त्यांचा आवाज अगदी दबका.

"ताई?"

"झोपलीये. मी बाल्कनीत आहे. इथे येतंय ऐकू."

"मग बंद करू?"

"मी तसं म्हटलं? लय पळतेय तुमची. सावकाश, पहिल्यापासून घ्या."

मी कपाळावरचा घाम पुसला, आणि सावकाश घेतलं.