अकरा मिनिटांनी मोठा

दादा तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा. जुळ्यांत एवढ्यावर कुणी दादा म्हणवून घेत नाही, पण याने घेतलं आणि हिने आयुष्यभर कौतुकाने म्हटलं.

आईला विसरण्याचा आजार जडला, तेव्हा दोघांनी जनुकांच्या तपासणीसाठी एकाच दिवशी रक्त दिलं. निकालाच्या दिवशी हिला तलावावर पोहण्याचा वर्ग घ्यायचा होता. संमतीपत्रावर सही करून तिने दादालाच पाठवलं. तो हसत परत आला. "आईचं ते जनुक दोघांकडेही आलंय. अगदी समान वाटणी!" मग आईचीही वाटणी झाली. पहिली सहा वर्षं हिची, पुढची सहा त्याची. अठ्ठावन्नाव्या वर्षी हिने नोकरी सोडली.

नोकरी सोडल्याला चार वर्षं झाली. आज झोपेची तक्रार घेऊन ती जनुकांची तपासणी करणाऱ्या त्याच डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी जुना कागद काढला.

"जनुक दोघांचं सारखंच, पण पासष्टीनंतरची दहाएक वर्षं बायकांना त्याचा धोका पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. होईलच असं नाही हं. भावाला सगळं समजावलं होतं मी. बोलले नाहीत?"

घरी पोचेपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. 'आधी तू, मग मी' हे कोण म्हणालं होतं, ते तिला लख्ख आठवत होतं.

दादा आईजवळ बसून संत्रं सोलत होता.

"तुला माहीत होतं?"

"तुला घाबरवायचं नव्हतं गं."

"घाबरायचं की नाही ते मी बघितलं असतं. माझी धडधाकट वर्षं आधी का घेतलीस?"

तो फोडीच्या शिरा काढू लागला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "उद्या तुझं काही झालं तर कोण बघणार? मीच ना? म्हटलं, तोवर आईचं तू कर. दोघी एकदम अंगावर आल्या असत्या तर?"

दोघी! चार वर्षं हा तिच्याशी गप्पा मारत होता, आणि मनातल्या मनात त्याने तिला केव्हाच आईच्या शेजारच्या खाटेवर निजवलं होतं. केसाने गळा कापला सख्ख्या भावाने. तिला रडू फुटलं, पण ती खाली बसली नाही.

"गोळ्या फ्रीजवर आहेत. आजपासून आई तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि उद्या मी विसरलेच सगळं, तरी मला बघायला तू यायचं नाहीस. तसं आजच लिहून ठेवते."