दीर्घिका, चिलटासह

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, खिडकीच्या काचेला निदान बाहेरचं दिसतं. मी वेधशाळेतली फोटोची काच. माझं जवळजवळ सगळं आयुष्य कागदी पाकिटात, पाकीट लाकडी खोक्यात आणि खोकं लोखंडी कपाटात असं गेलं. कांद्यालाही हेवा वाटावा.

माझा जन्म अंधारात झाला. अंगावर जिलेटिनचा पातळ लेप चढवून मला डब्यात घातलं. आम्हा काचांना आयुष्यात एकदाच डोळा उघडता येतो. माझा उघडला तो दुर्बिणीच्या बुडाशी. समोर शेजारची दीर्घिका होती, म्हणजे ताऱ्यांचं अफाट गाव. मी टक लावून पाहिलं. मग मला रसायनांच्या पाण्यातून काढलं, धुतलं आणि वाळायला खिडकीशी उभं केलं. पांढरे तारे माझ्यावर काळे ठिपके होऊन बसले.

खिडकी उघडी होती. एक चिलट आलं, माझ्या ओल्या लेपावर टेकलं आणि टेकलं ते टेकलंच. पाय सोडवायची त्यानं फार खटपट केली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. लेप वाळला, पंख उडून गेले आणि चिलटाचाही एक काळा ठिपका झाला.

मला दुर्बिणीत बसवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मावशीला त्या दीर्घिकेचं अंतर मोजायचं होतं. तिथवर फूटपट्टी पोचत नाही. पण काही तारे श्वास घेतल्यासारखे उजळतात आणि मंदावतात. ज्याचा श्वास संथ, तो मुळात जास्त तेजस्वी. मूळ तेज कळलं की दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहायचं: एवढा मोठा दिवा असून इतका मिणमिणता दिसतोय, म्हणजे आहे तरी किती लांब!

मावशीला असा एकच तारा सापडला. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा शेजारी मांडून ती त्याचा श्वास मोजू लागली. माझ्या रात्री तो बिचारा इतका मंदावला होता की माझ्यावर उमटलाच नव्हता. आणि नेमकं त्याच्याच जागेवर चिलट बसलं होतं. मावशीला वाटलं, तारा त्याही रात्री ऐन भरात आहे. त्यामुळे त्याचा श्वास भराभर चालणारा ठरला, तारा लहान दिवा ठरला आणि दीर्घिका भलतीच जवळ आली.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मावशी मला उजेडासमोर धरायची आणि पाहुणे चिलटाकडे बघून "वा!" म्हणायचे. मग इतरांनी दुसऱ्या ताऱ्यांवरून मोजलं, तर दीर्घिका खूप लांब निघाली. झालं, थट्टा सुरू.

"मावशी, तुमची दीर्घिका मागच्या गल्लीतच आहे म्हणे. येताना दूध आणायला सांगा तिला."

मावशी हसायची. सतरा वेळा हिशेब तपासायची. हिशेब बरोबरच होता; चिलट चूक होतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. पुढे मावशी निवृत्त झाली. माझ्या कपाटाची कडी मोडली, दार गंजलं. वर कुणीतरी चहाची किटली ठेवू लागलं. ती उकळली की आत जरा दमट व्हायचं. तेवढाच हवापालट.

आणि एक दिवस कळलं, उद्या कपाट भंगारात जाणार. आत मी, माझ्यात चिलट आणि चिलटाच्या पायाखाली मावशीचं नाव.

त्याच दुपारी बाहेर आवाज आला. भांडारपाल म्हणत होता, "हे कपाट उघडत नाही, बाई. आणि उघडलं तर बंद होत नाही."

"मग उघडंच राहू द्या."

"आणि दार ओढताना किटली कुठे ठेवू?"

"माझ्या डोक्यावर ठेवा, पण ओढा!"

ती मावशीची भाची होती, आता त्याच वेधशाळेत काम करणारी. सोबत काठी टेकत खुद्द मावशी. दार किंचाळत उघडलं. भाचीनं मला उजेडाच्या पेटीवर ठेवलं आणि भिंग लावलं.

"मरायच्या आधी एवढंच सांग," मावशी म्हणाली, "चूक माझी की त्यांची?"

भाचीनं भिंग आणखी जवळ नेलं. मग म्हणाली, "मावशी, तुझ्या ताऱ्याला पाय आहेत."

"काय बडबडतेस?"

"सहा आहेत. ये, बघ."

मावशी भिंगावर वाकली. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला.

"चिलट!" मावशी ओरडली. "मेल्यानं माझं अख्खं नाव खाल्लं!" आणि खुर्चीत बसून डोळे पुसत हसत सुटली.

भाचीनं तो ठिपका वगळून तिथल्या तिथे हिशेब मांडला. ताऱ्याचा श्वास संथ झाला. दीर्घिका मागे मागे सरकली आणि सगळ्यांच्या उत्तराशेजारी जाऊन बसली.

"तुझी पद्धत बरोबर होती, मावशी."

"म्हणजे ती बिचारी होती तिथेच होती," मावशी हळूच म्हणाली. "मीच तिला गल्लीत कोंडून ठेवलं."

भाचीनं चिलट खरवडायला पातं उचललं.

"राहू दे गं," मावशीनं तिचा हात धरला. "ते खिडकी उघडी दिसली म्हणून आलं. उघडी मीच ठेवली होती."

आता मला नवं पाकीट आहे. त्यावर मावशीच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय: 'दीर्घिका, चिलटासह'. आम्ही अजूनही अडकलेलेच आहोत, चिलट माझ्यात आणि मी पाकिटात. पण आता ते कुणालातरी ठाऊक आहे, आणि एवढ्यानं कपाट बरंच मोठं वाटतं.

म्हणून मित्रांनो, जुनी काच भंगारात घालण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा. आणि ओलं काही वाळत ठेवलं असेल, तर कृपा करून खिडकी लावून घ्या.