वीतभर काठ

अर्ज द्यायची उद्या शेवटची तारीख होती आणि चंद्रकलाजवळ दोन अर्ज होते. बी.एस्सी.च्या अर्जावर बाबांची, जागेश्वरची, सही झाली होती. बी.ए.चा अर्ज तिनं धरमपेठेतल्या कॉलेजातून स्वतः आणला होता. त्यात तीन विषय लिहायचे होते. तिनं फक्त 'इतिहास' लिहिलं होतं. खालची पालकाच्या सहीची रेघ कोरीच होती.

बारावीला सायन्समध्ये पहिला वर्ग मिळवणारी सक्करदऱ्याच्या त्या गल्लीतली ती पहिलीच मुलगी.

"इतिहास!" जागेश्वर मागावरून न उठता म्हणाला. "राजे मरून गेले. त्यायच्या तारखा घोकून तुले काय भेटनार हाय? काहून वं, लॅबमधी उभं राहाले लाज वाटते?"

"लाज नाही, बाबा. तिथं मन नाही लागत."

"मन तं माहंबी इथं लागत नाही." धोटा सुतांमधून सटकन पलीकडे गेला. "कंबर लागते."

चुलीपाशी बसलेली आई, मैनाबाई, खुदकन हसली.

चंद्रकलानं वाद घातला नाही. घरात एक पत्र्याची ट्रंक होती. नव्या नमुन्याची साडी मागावरून उतरली की तिचा वीतभर काठ कापून ट्रंकेत ठेवायचा, ही पणज्यापासूनची रीत. ते एकतीस तुकडे तिनं जमिनीवर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. आठवडाभर भिंग लावून इंचातल्या सुताच्या तारा मोजल्या होत्या, आणि प्रत्येक तुकड्याजवळ अंदाजे साल लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती.

"बाबा, जेवायच्या आधी एकदा पाहा. मग तुम्ही म्हणसान ते करीन."

जागेश्वर हात पुसत आला आणि उकिडवा बसला.

"जुने काठ अरुंद आहेत," ती म्हणाली. "दोन बोटांचे. नंतर रुंद होत गेले. कारागिरी हळूहळू वाढत गेली, असं दिसते."

त्यानं ओळीतला पहिला तुकडा उचलला, अंगठ्यानं चोळला.

"हा पहिला? कोनं सांगितलं?"

"मी मोजलं."

"मोजलं बरोबर, लावलं चूक. हा माह्या बाबानं इनला, कंट्रोलच्या साली. लढाई चालू होती. सूत रेशनच्या चिठ्ठीवर भेटे, रेशीम तं दिसेच ना. मी तेरा वर्साचा होतो, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होतो. चार बोटांचा काठ दोन बोटांवर आला. बाबा तीन दिवस कोनाशी बोलला नाही." त्यानं मधला एक रुंद काठ उचलून ओळीच्या सुरुवातीला ठेवला. "हा माह्या आज्याच्या हातचा. पाह्य, किती रुंद हाय."

चंद्रकलाचे कान तापले. आठवड्याची मेहनत एका अंगठ्यानं उलटी केली होती. पण तिनं पेन्सिल काढली, चिठ्ठीवरचं साल खोडलं आणि विचारलं, "आणि हा?"

"अजी, वरण थंडं होऊन राहिलं," मैनाबाई म्हणाली.

"थांब वं! सालं लावून राहिलो."

वरण पुन्हा गरम करावं लागलं. बऱ्याच वेळानं जागेश्वरनं विचारलं, "हे कोन्या पुस्तकात हाय?"

"कोन्याच नाही. कोणी लिहिलंच नाही."

"कॉलेजात शिकवतीन?"

"हे नाही शिकवत. पण चूक असलं तर कसं तपासायचं अन् कसं लिहायचं, ते शिकवतात."

त्यानं तो दोन बोटांचा काठ पुन्हा उचलला.

"कंट्रोल कोनं लावला, काहून लावला, ते कोन्या इषयात येते?"

"अर्थशास्त्रात."

"मंग लिही ते."

तिनं लिहिलं. "तिसरा?"

"तिसरा तुह्या मनानं. सगळं काय मलेच शिकाचं हाय?"

तिनं राज्यशास्त्र लिहिलं. जागेश्वरनं पेन घेऊन, एकेक अक्षर ओढत, त्या कोऱ्या रेघेवर सही केली. बी.एस्सी.चा अर्ज घडी घालून मैनाबाईनं फळीवर ठेवला.

जेवण झाल्यावर तो पुन्हा मागावर बसला. चंद्रकला तुकडे उचलू लागली, तसा म्हणाला, "राहू दे तसेच. अजून दोन चुकीच्या जागी हायेत."

"कोणते?"

"मी नाही सांगत," जागेश्वर म्हणाला आणि धोटा सटकावला.