भरवलेला घास

"परत लाव."

"मम्मी, तेच तेच ऐकून काय बदलणारंय का?" किमया वैतागली, तरी तिनं मोबाइलवर बोट टेकवलं. मलावीहून आलेला ट्रिझाबाईचा आवाज पुन्हा खोलीभर झाला. सावकाश, थकलेला, अजिबात न रागावलेला. खरा जाच तोच होता. बाईनं चार शिव्या हासडल्या असत्या, तर गौतमीनं आठ परत केल्या असत्या आणि हिशोब मिटला असता.

किमया कॉलेजात शिकणारी, इंग्रजी तिला बरं यायचं. तिनं आईला पुन्हा मराठीत सांगितलं. "ती म्हणते, तुम्ही गेल्यापासून चिसोमो हातानं जेवतच नाही. ताटापुढं बसतो, तोंड उघडतो आणि वाट बघतो. बाकीच्यांचं उरकतं, तरी हा तसाच आ करून. वाळत चाललाय. भरवताना तुम्ही काय म्हणायचात, ते विचारलंय." मग जरा थांबून, "काय म्हणायचीस गं?"

"काय म्हणणार? हा घास काऊचा, हा घास चिऊचा."

"आफ्रिकेतल्या पोराला?"

"पोरांना भाषा नाही कळत, घास कळतो." हे वाक्य गौतमीनं उभ्या मारुंजीत मिरवलं होतं. आज ते माशाच्या काट्यासारखं घशात आडवं आलं.

गौतमी साळवे पाळणाघर चालवायची. मारुंजीत घरमालकीण गंगूबाईंनी शेतात इमारत उठवली होती, तिच्या तळमजल्यावर. आयटीतल्या आया सकाळी पोरं टेकवून पळायच्या, जाता जाता डबा पुढं करून म्हणायच्या, "गौतमीताई, एवढं संपवून घ्या हं, घरी चमचाभर खात नाही." आणि गौतमी संपवून घ्यायची. आजी हरल्या, टीव्ही हरला, पण हिच्या हातून न जेवलेलं पोर दाखवा. देवानं कुणाला गळा दिला, कुणाला डोकं. आपल्याला हा हात दिला, असं तिला मनापासून वाटायचं.

म्हणून तर चर्चनं तिला नेलं. हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलात भरणारी छोटीशी मंडळी ती. मिशन ट्रिप ठरली तेव्हा पास्टर विलास म्हणाले होते, "ताई, आम्ही सगळे लॅपटॉपवाले. लेकरं सांभाळायला तुम्हीच पाहिजे." तिकीट मंडळीनं काढलं. श्रीरामपूरच्या माहेरी फोनवर फोन गेले, आपली गौतमी आफ्रिकेला सेवेला चालली.

सेवा म्हणजे काय, तर मागच्या वर्षी कुठल्याशा गोऱ्या मंडळींनी निळी रंगवलेली अनाथाश्रमाची भिंत ह्या मंडळींनी पिवळी रंगवली. तिसरे कुणी येतील, ते हिरवी रंगवतील. भिंतीला काही वाटत नाही, हे एक बरं असतं.

ट्रिझाबाई त्या आश्रमाची आई. उंच, हाडाची, हसायला महाग. पहिल्याच दिवशी तिनं रांगेत बसलेल्या पोरांतला एक बारका दाखवला. मंडळीतल्या एकानं तिचं बोलणं मराठीत सांगितलं. हा चिसोमो. आला तेव्हा तोंडाला काही लावत नव्हता. आत्ता कुठं आपल्या हातानं खायला लागलाय. ह्याला भरवू नका.

दुपारी ताटं आली. मक्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट गोळा, वर घेवड्याचं कालवण. सगळे हातानंच खाणारे. गौतमीला अगदी घरच्यासारखं वाटलं. चिसोमो मात्र एकेक चिमूट उचलायचा, निम्मी सांडायची. शेजारची पोरं हात धुवून आली, तरी ह्याचं ताट भरलेलंच. 'काय दगडाचं काळीज बाईचं,' असं मनात म्हणत गौतमीनं त्याला मांडीवर ओढलं. घास पुढं केला, काऊचा. पोरानं तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मंडळीतल्या जुईलीनं फटकन फोटो काढला.

मग रोजचंच झालं. एकदा ट्रिझाबाईनं तिला नळापाशी गाठलं. "नो," म्हणाली. स्वतःचा हात स्वतःच्या तोंडाकडं नेऊन दाखवला, चिसोमोकडं बोट केलं. मग हात जोडून पुन्हा, "प्लीज, नो." ह्यात न कळण्यासारखं काय होतं? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आपल्याला इंग्रजी येत नाही, ही गौतमीची जन्माची लाज तिथं अचानक सोय होऊन बसली. ती हसली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडी घालून बसली. तो आ करायचा तेव्हा तिला जे वाटायचं, ते तिला सोडवत नव्हतं. पोराच्या पोटाचा विचार तिनं केलाच नव्हता. निघायच्या दिवशी गाडी हलली, तेव्हाही ती स्वतःसाठीच रडली.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची होती, म्हणजे ट्रिपचा अनुभव सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचा. पडद्यावर तोच फोटो, भिंतीएवढा. पास्टरांनी माईक हातात दिला. गौतमीनं पाठ केलेलं सोडलं आणि बोलून टाकलं.

"हे पोर आता जेवत नाही. माझ्यामुळं. त्या बाईनं मला हात जोडून सांगितलं होतं, भरवू नको. मला कळलं होतं. कळलं नाही असं मी दाखवलं. मी त्याला सवय लावली आणि विमानात बसून आले."

आता कुणीतरी उठेल, तोंडावर थुंकेल, असं तिला वाटलं. थुंकलं असतं तर बरं झालं असतं. पास्टरांनी डोळे टिपले आणि माईक घेतला. "बघा मंडळी, जगात प्रेमाची किती भूक आहे! पुढच्या वर्षी पुन्हा जायचं की नाही?"

"आमेन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पापालासुद्धा. जुईलीनं मिठी मारली. "ताई, काय टचिंग बोललात हो!"

घरी आली तर गंगूबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या. "आलीस व्हय देवाचं करून? आन् थोबाड का गं उतरलंय?"

गौतमीनं सगळं सांगितलं. म्हातारीचा हात काही थांबला नाही.

"मंग जातीस का परत, भरवाया?"

"कशी जाऊ मावशी?"

"मंग? ज्याला पाळायचं न्हाई त्याला लळा लावू नाय. आमी येकाद्याचं वासरू दोन दिस राखाया आनलं, तरी त्याला हातानं चारत न्हाई. आन् तू तर लई पोरं वाढिवलीस, म्हनं."

गौतमी रडायला लागली.

"रडून त्याचं प्वाट भरतंय व्हय? त्या बाईला इचार, काय करू. आन् ती सांगंल त्येच कर. आता तरी तुज्या मनाचं करू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणाघरातली पोरं झोपली होती, तिकडं जेवणाची वेळ. किमयानं फोन लावला. गौतमीनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. "तिला म्हण, मी रोज व्हिडिओवर येते. काऊ-चिऊ म्हणते. मला बघून तो खाईल."

किमयानं सांगितलं. पलीकडं ट्रिझाबाईनं ते ऐकून घेतलं. मग बोलली.

"काय म्हणाली?"

किमयानं आईकडं न बघता सांगितलं. "म्हणाली, आणि मग ते कधी थांबवणार?"

गौतमीला सेवा करायची होती. थांबायचं कसं, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

"आणखी म्हणते," किमयाचा आवाज उतरला होता, "तुला बघायचं असेल तर बघ. पण त्याला तू दिसायची नाहीस, ऐकू यायची नाहीस. आवाज मी बंद करते. कॅमेऱ्यावर बोट ठेव."

गौतमीनं फोन घेतला, कॅमेऱ्यावर अंगठा दाबला आणि किमयानं व्हिडिओ चालू केला.

चिसोमो रांगेत बसला होता. मान वाळली होती. ताट पुढं, तोंड उघडं, डोळे समोरच्या दाराकडं. गौतमीच्या तोंडून हाक निघाली, ती तिनं पदरात कोंबली. शेजारी एक थोराड मुलगी बसली होती. तिनं आपलं जेवण उरकलं, चिसोमोचा हात मनगटाला धरला, त्याचीच बोटं गोळ्यात खुपसली, कालवणात बुडवली आणि त्याच्याच तोंडापर्यंत नेऊन सोडली. पोर तसंच बसलं. घास ओघळला. तिनं पुन्हा हात धरला. पुन्हा नेला. पुन्हा सोडला. त्या पोरीला कसली घाई नव्हती.

मग केव्हातरी त्याचं तोंड मिटलं. स्वतःच्याच बोटांवर. तो चावायला लागला, आणि कुणी धरलं नव्हतं तरी त्याचा हात पुन्हा ताटाकडं गेला.

"खाल्लं!" किमया ओरडली. "मम्मी, खाल्लं त्यानं!"

चिसोमोनं मान वर केली नाही. त्याला आता दाराकडं बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

गौतमीच्या उजव्या हाताची पाचही बोटं घास धरल्यासारखी जुळली होती, आपोआप. तिनं ती एकेक करून उघडली आणि हात मांडीवर पालथा ठेवला.