डोंगरावरचे पट्टे

मी कोणावर भरोसा ठेवत न्हाई, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. आमचे हे, संतराम, म्हणतात, "आशे, तू देवळात गेली तरी चप्पल हातात धरून पाया पडतीस." पडते. चप्पल चोरीला गेली व्हती, मंग काय करू? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

तर ही गोष्ट आमच्या डोंगराची. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी जिथून दिसतं, त्या अंगाला आमचं गाव अन् गावामागं धावड्याचं रान. उन्हाळ्यात धावड्याला चीर दिली की डिंक येतो, त्याचेच लाडू बाळंतिणीला देतात. डोंगर वनखात्याचा, पण कोणतं झाड कोणाचं हे आमच्या बायकांत आधीपासून ठरलेलं. माझी झाडं मोठ्या धोंड्यापाशी. नवी नवरी व्हते तवा सासूनं हात धरून दावली, "ही तुझी." आमचं शेत यांच्या नावावर, घर दिराच्या नावावर, अन् सोनं तर कधीचं सोनाराच्या घरात. माझं म्हणावं असं धोंड्यापाशीचे धावडेच तेवढे.

मागच्या सालापासून हिंगोलीहून सपना नावाची पोरगी यायला लागली, एका संस्थेची. तिनं वनखात्याशी बोलून बायकांची डिंक समिती बांधली. लाडू करून विकणारा एक व्यापारीही तिनंच आणला. त्याची अट अशी, की डिंक झाड न मारता काढलेला पाहिजे, अन् गाव अन् वस्ती दोन्हीकडच्या बाया संगं पाहिजेत. एक बाजू फुटली की खरेदी बंद. वस्ती म्हंजे बौद्धवस्ती. तिकडची म्होरकी पद्माबाई, इकडची मी. बैठकीत आमी दोघी सतरंजीच्या दोन टोकांवर बसायचो, अन् दोघींची नजर एकमेकीच्या हातांवर.

खोटं कशाला बोलू, मला वस्तीवाल्यांचा शक यायचा. सपना त्यांच्यातली, मंग ती त्यांचंच बघणार, असा माझा हिशोब. कुऱ्हाडीनं खोल घाव घातला तर डिंक भसाभसा येतो, पण झाड वाळून जातं. म्हणून मीच बैठकीत नियम करायला लावला: डोंगरावर जिच्या हातात कुऱ्हाड दिसंल, तिचं नाव सालभर समितीतून कमी. पद्माबाई लगेच म्हणली, "बराबर हाय. पण नियम सगळ्यांला. मोठ्या गल्लीलाही." मोठी गल्ली म्हंजे आमची. आमी कुठले मोठे! पण टोमणा लागायचा तिथं लागला.

दुसरं एक ठरलं, की दरसाली अर्ध्या झाडांना विसावा द्यायचा, त्यांना चीर मारायची न्हाई. पण कोणाच्या झाडांना? ह्याच्यावर नुसती भांडणं. जी ती म्हणे, दुसरीच्या.

अशात एक दिवस हे हॉटेलातून चहा पिऊन आले अन् म्हणले, "ऐकलं का? रविवारी डोंगरावर पट्टे हायेत."

"कसले पट्टे?"

"आता पट्टे म्हंजे पट्टे. सपना सांगून गेली म्हणे. वस्तीतले लोक तेच बोलून राहिले व्हते."

आमच्याकडं पट्टा म्हणलं की एकच, जमिनीचा कागद. गायरान कसणाऱ्यांनी त्या कागदासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. पद्माबाईच्या सासऱ्यानं, कोंडीबानं, पट्ट्याची वाट बघत बघतच डोळे मिटले. म्हणून मला लगेच उमगलं. डिंक-बिंक सगळं सोंग! डोंगरच वस्तीच्या नावावर होऊन राहिला. शंकेची पाल नुसती चुकचुकली न्हाई, छातीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, सपना अन् वनरक्षक मोहनसिंग टेप धरून डोंगरावर! मी खालूनच ओरडले, "काय मोजून राहिलात?"

"बुंधे मोजतोय, काकू!"

बुंधे! झाडाला काय झंपर शिवायचंय? टेप म्हंजे मोजणी, अन् मोजणी म्हंजे पट्टा. आता शक कसला, सगळं डोळ्यापुढं व्हतं.

रात्री जेवताना मी यांना विचारलं, "पट्टा भेटतो कोणाला?"

"ज्याचा ताबा त्याला. रान साफ केलेलं दिसलं पाहिजे, खुंटं दिसली पाहिजेत. वारंगा फाट्याकडं माझ्या मावसभावानं तसंच केलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी."

म्हंजे झाडं माझी म्हणायची, तर झाडं तोडायची. ऐका! पण दुसरी वाट मला दिसंना. म्हणलं, सगळी न्हाई, दोनच तोडू. दोघांनी जीव दिला तर बाकीचे माझ्याजवळ राहतील.

बाजाराच्या दिवशी गाव ओस पडतं. हे बाजाराला गेले, मी डोकं दुखतं म्हणून मागं राहिले. कुऱ्हाड पोत्यात गुंडाळली अन् भर उन्हात डोंगर चढले. धोंड्यापाशी कोणी नव्हतं. पहिला घाव घातला. "माफ कर माय," मी झाडाला म्हणलं, "बाकीच्यांला ठेवायचं म्हणून तुला मारून राहिले." डोळे मिटून दुसरा घातला. कुऱ्हाड बुंध्यात रुतली, निघंना. मी नुसती दम खात उभी व्हते, तरी ठक्कन आवाज आला.

मी हात पाहिले. हात रिकामे. अन् परत ठक्क!

टेकाडाच्या पलीकडून येत व्हता आवाज. मी तशीच पळत गेले. पाहते तर पद्माबाई. पदर खोचलेला, अंग घामानं निथळून राहिलेलं, अन् ती तिच्याच वाट्याच्या धावड्यावर घाव घालून राहिलेली.

"सापडलीस!" मी म्हणलं. "पट्टा तुमच्या नावावर व्हायच्या आधीच तोड सुरू केली व्हय?"

पद्माबाईनं कुऱ्हाड खाली घेतली. "आमच्या नावावर? काहून थट्टा करता, आशाबाई? पट्टे तर तुमच्या गल्लीला होऊन राहिले. आमची वस्ती परवापासून झोपली न्हाई. सासरा माझा पट्टा पट्टा करत गेला. म्हणलं, यावेळी ताबा तरी दावू."

"आमच्या गल्लीला? कोणी सांगितलं?"

"हॉटेलात बोलून राहिले व्हते तुमचेच लोक!"

ती खोटं बोलून राहिली का, हे मी तिच्या तोंडावर शोधत व्हते, अन् ती माझ्या. तेवढ्यात पायवाटेनं बोलणं ऐकू आलं. सपना अन् मोहनसिंग वर येत व्हते, दोघांच्या हातांत रंगाचे डबे.

सपनाला आमी आधी दिसलो. "अय्या, तुम्ही दोघी एकत्र? रविवारच्या पट्ट्यांसाठी रंग आणून ठेवतोय. जाड बुंध्याच्या झाडांना यंदा विसावा द्यायचं म्हणतोय. त्यांना पांढरे पट्टे मारायचे, म्हणजे चुकून कोणी चीर देणार..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. तिला धावडा दिसला व्हता, पांढरा गाभा उघडा पडलेला. अन् पद्माबाईच्या हातातली कुऱ्हाड.

पट्टे! रंगाचे! मला हसावं का रडावं कळंना. पण मोहनसिंग हसला न्हाई. डबा खाली ठेवून म्हणला, "पद्माबाई, ये क्या है? नियम ठाऊक हाय ना?"

आता खरं सांगते. माझी कुऱ्हाड टेकाडापल्याड रुतलेली, कोणाला दिसत नव्हती. माझे हात रिकामे. मी एवढंच म्हणलं असतं, की मी आवाज ऐकून हिला अडवायला आले, तर माझी झाडं माझी राहिली असती. मी तोंड उघडलं.

पद्माबाई आधी बोलली. "दोघी संगं आलो साहेब. तिची कुऱ्हाड तिकडं धोंड्यापाशी हाय."

संगं! आमी दोघी कधी एका रिक्षात बसलो न्हाई. मोहनसिंग टेकाडापल्याड गेला अन् माझी कुऱ्हाड घेऊन आला. त्यानं सपनाकडं पाहिलं, सपनानं खाली. मंग ती हळू आवाजात म्हणली, "नियम आहे तर आहे. दोघींची नावं सालभर कमी. तुमची झाडं आता मोकळी, यंदाचा विसावा त्यांनाच."

अन् तिथंच, रविवारची वाट न बघता, तिनं डबा उघडला. माझ्या एकेका धावड्याला पांढरा पट्टा बसत गेला, अन् मी बघत राहिले. घाव बसलेल्यावर तिनं शेण-माती लिंपायला सांगितली. ती आमीच दोघींनी लिंपली.

उतरताना मात्र मला राहवंना. "माझं नाव काहून घेतलं? मी काय घोडं मारलं व्हतं तुझं?"

"तू तोंड उघडलं व्हतंस," पद्माबाई म्हणली. आजवर तुमी-तुमी करणारी बाई. "काय बोलणार व्हतीस, सांग."

मी हाताची माती पदराला पुसत राहिले.

"मला दिसलं ते. धोंड्याकडचे तुझे घावही मी ऐकले व्हते. मी एकटी सापडले असते, तर गाव म्हणलं असतं, वस्ती सगळी चोर. तू एकटी सापडली असतीस, तर म्हणलं असतं, आशाबाई चुकली. म्हणून संगं म्हणलं."

मला राग आला. लय राग आला. खोटं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती तिच्या वाटेनं गेली, मी माझ्या.

पुढच्या बैठकीला मला जायचं कारण नव्हतं, नावच कमी झालेलं. पण खबर फुटली व्हती. आमच्या गल्लीतल्या बाया बैठकीच्या आधी माझ्याच ओट्यावर जमल्या. संगिता, माझी चुलतजाऊ, मोठ्यानं म्हणली, "आशाक्का, आमाला सगळं कळलं. वस्तीवाली रान तोडून राहिली व्हती, अन् तुमी सापडल्या तिच्यापायी. आज आमी समितीत सांगणार, आमची बाजू येगळी करा."

सगळ्या बायकांनी व्हय-व्हय केलं. मी व्हय म्हणलं असतं, तर माझं नाव साफ झालं असतं, अन् समिती तिथंच मोडली असती. वस्तीकडच्या बाया समोरच्या लिंबाखाली येऊन थांबल्या व्हत्या. पद्माबाईही. नाव कमी झालेलं असून ती आली व्हती, बघायला, की मी काय बोलते.

मी पायात चपला घातल्या अन् ओट्यावरून उतरले.

"कोणाच्या पायी न्हाई," मी त्या लिंबापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणलं. "पहिला घाव माझा व्हता."