एका रिबाउंडने कमी

“पायात सिमेंट ओतून पाठवलंय की काय याला घरच्यांनी?” पुढच्या बाकावरचा टकलू गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी करवादला. “एवढा वाढलाय, आणि चेंडू डोक्यावरून जातो तर नुसता बघत राहतो. फळीवरचा डबा काढायला आमची ही याच्यापेक्षा उंच उडी मारते.”

शेजारी खुसखुसला. मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली मावशी काही हसली नाही. तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

बास्केटबॉलच्या मैदानावर शिडी उभा होता. पोराचं खरं नाव कॉलेजच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना तो शिडीच. रिंगखाली पाय रोवून त्याने समोरच्या संघाच्या गड्याला पाठीने अडवून धरलं होतं, अगदी शिकवल्यासारखं. कुणाचा तरी नेम चुकला, चेंडू रिंगवर आपटून वर उसळला. आता खरं तर नुसता हात लांबवायचा होता. शिडीने हात खाली घेतले. मागून समोरच्या संघाच्या दुसऱ्या पोराने झेप घेतली आणि चेंडू नेला.

पुढच्या वेळी तर कहरच झाला. चेंडू आपणहून शिडीच्या ओंजळीत येऊन पडला. त्याने तो चटका बसल्यासारखा झटकला आणि रेषेबाहेर घालवला. टेबलाशी बसलेल्या आकडेवाल्या म्हाताऱ्याने पेन्सिल उचलली, शिडीकडे चष्म्यावरून बघितलं, आणि तो चेंडू कुणा एकाच्या नावावर न लावता ‘संघाचा’ म्हणून मांडून टाकला. म्हाताऱ्याला कळत होतं. सरांना कळत होतं. संघातल्या झाडून सगळ्या पोरांना कळत होतं. न कळून वैतागणारे होते ते फक्त तिकीट काढून आलेले.

चुकलेला चेंडू जो आधी ताब्यात घेईल, त्याच्या नावावर रिबाउंड लागतो. साधा हिशोब. हॉलबाहेरच्या बोळात लाकडी फळा आहे, त्यावर एकेका विक्रमाची पितळी पट्टी: एका सामन्यात सर्वाधिक गुण, सर्वाधिक पास, असं काय काय. आणि सगळ्यात वर, संपूर्ण कारकिर्दीत सर्वाधिक रिबाउंड. नऊशे बारा. त्यापुढे पिशवी घेऊन बसलेल्या त्या मावशीच्या मुलाचं नाव. चेंडू हाताला चिकटायचा म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणायचे. तिसऱ्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तो असाच एका चेंडूसाठी उडाला, हवेत कुणाचा तरी धक्का लागला, आणि डोक्यावर पडला. पडताना चेंडू त्याच्या दोन्ही हातांत होता, म्हणून तोही मोजला. नऊशे बारावा तो.

शिडी नऊशे अकरावर उभा होता. महिना होत आला, तिथंच उभा होता.

सामना हरले. शेवटी नेहमीप्रमाणे ध्वनिक्षेपकावरून संघाची नावं वाचली, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी, “जखमी, क्रमांक चौदा.” लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टकलू गृहस्थानेही वाजवल्या, मनापासून. मावशी मात्र टाळ्यांच्या वेळी उभी राहत नसे. आपल्याच पोरासाठी काय टाळ्या वाजवायच्या, असं ती म्हणायची. तेवढा वेळ ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसायची.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळघरात धुलाईच्या खोलीत उतरली. ही तिची खोली. तीन यंत्रं धुण्याची, दोन वाळवण्याची, त्यातलं एक मनाला येईल तेव्हा चालणारं. भिंतीला ओल, आणि वर जाळीच्या खिडकीतून दिसणारे लोकांचे पाय. कुठल्या संघाची पोरं आज जीव तोडून खेळली आणि कोण टिवल्याबावल्या करून आलं, हे मावशीला गुणफलकाकडे न बघता नाकाने कळायचं. कौतुकाची गोष्ट नव्हे ती, डोकं उठायचं.

सामानवाल्याने पाटी आणून आदळली. संघाचे चेंडू, पट्ट्या, बाटल्या, सगळं सांभाळणारा हा जाडा माणूस तिला ताई म्हणायचा आणि तिचा चहा अर्धा पिऊन जायचा.

“घ्या ताई, अत्तराचं दुकान आलं. मोजे वेगळे बांधलेत, नाक जपा.”

मावशीने एकेक जर्सी काढायला सुरुवात केली. सगळ्यात खाली, घडी घातलेली, चौदा नंबर. दर सामन्यानंतर ती येई. सामन्याआधी सामानवाला ती डिंक्याच्या खुंटीला लावायचा, सामना झाला की बाकीच्यांबरोबर पाटीत टाकायचा. पहिल्या वेळी बहुधा सवयीने टाकली असेल. मावशीने काही विचारलं नाही, धुतली, परत दिली. मग दुसऱ्या वेळी न टाकणं त्याला जमलं नाही, आणि न धुणं तिला. दोन मोसम झाले. कुणी न घातलेली जर्सी धुऊन धुऊन विटत चालली होती.

“काल पाहुणे आले होते म्हणे,” सामानवाला चहाचा पेला उचलत म्हणाला. “मोठ्या क्लबचे. शिडीला बघायला. मध्यंतरातच उठून गेले.”

“का?”

“आता का ते…” त्याने घोट घेतला. “चहात साखर जास्त झालीय आज.”

“साखर घातलेलीच नाही.”

“तेच म्हणतो मी,” असं म्हणून तो गडी निघून गेला.

तेवढ्यात सर आले. संघाचे प्रशिक्षक धुलाईच्या खोलीत कधी येत नसत. दारात वाकून उभे राहिले, जणू कुणा आजाऱ्याच्या भेटीला आलेत. वरचा एक टॉवेल उचलला, हुंगला, खाली ठेवला.

“साबण बदललात का मावशी?”

“नाही.”

“छान वास येतोय.”

“तो न धुतलेला आहे, सर.”

“हो का.” सर यंत्रातल्या फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिले. “डिंक्या कसा आहे?”

“बरा आहे. परवा आवाज आला तर वळून बघितलं त्याने.” वळून वगैरे काही बघितलं नव्हतं. खिडकीतलं ऊन सरकलं तसे डोळे मिटले होते, इतकंच.

“वा, वा. म्हणजे पुढच्या मोसमात…” सरांनी वाक्य तिथंच सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळाशी खेळू लागले. “शनिवारी शेवटचा सामना. हरलो तर खलास. क्लबचा एकजण पुन्हा येणार आहे, मी हातापाया पडून बोलावलंय. तुम्ही शिडीशी जरा बोलाल का? तुमचं ऐकतो तो.”

“काय बोलू?”

“तो जेवत नाही नीट,” सर म्हणाले आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून गेले.

मावशी पुन्हा पाटीकडे वळली. नऊ नंबर, घामाने थबथबलेली. सात नंबर, काखेत उसवलेली. मग एकवीस. शिडीची. तिने ती सवयीने लांब धरली, आणि थांबली. जवळ आणली. नाकाला लावली. पोरगा सबंध सामना मैदानावर होता, आणि जर्सीला हॉलच्या कोंदट हवेखेरीज कसलाही वास नव्हता. खुंटीला टांगलेल्या चौदा नंबरला होता, तसाच.

तिने दोन्ही जर्सी मांडीवर घेतल्या आणि यंत्रं चालू असताना, कुणाला ऐकू जाणार नाही अशा वेळी, एक वाक्य म्हणून बघायचा प्रयत्न केला. एकटीने, भिंतीला उद्देशून. ओठ हलले. आवाज काही फुटला नाही. हा प्रयत्न तिने आधीही केला होता, त्यामुळे फार नवल वाटलं नाही.

एकवीस नंबर तिने न धुता पिशवीत घातली.

*

घरी नवरा डिंक्याला कुशीवर वळवत होता. पूर्वी ट्रक चालवायचा. आता घर धरून होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून कितीदा तरी त्या लांबलचक देहाला इकडून तिकडे करायचं, नळीतून पातळ अन्न द्यायचं, पाय वाकवायचे, सरळ करायचे. पलंग पुरत नव्हता म्हणून पायथ्याशी स्टूल जोडलं होतं. डिंक्याचे डोळे उघडे होते. ते छताकडे बघत नव्हते, छत त्यांच्यासमोर आलं होतं एवढंच.

“किती झाले शिडीचे?” नवऱ्याने मान वर न करता विचारलं.

“तेवढेच.”

“बरं,” तो म्हणाला. त्या ‘बरं’मधला सुस्कारा मावशीला आज टोचला. रोज तो तिचाही असायचा.

डिंक्याच्या मुठी आवळलेल्या असत. ज्या हातांना चेंडू चिकटायचा ते हात आता स्वतःलाच चिकटले होते. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मुठीत काहीतरी मऊ धरायला द्यावं लागे. त्यासाठी ती धुलाईतले जोडीदार हरवलेले मोजे आणायची. एकेक बोट सोडवून तिने जुना मोजा काढला, तळवा पुसला, नवा घातला. बोटं पुन्हा मिटली. पहिल्या पहिल्यांदा या मिटण्यालाच ती पकड समजली होती, आणि आनंदाने सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली होती. डॉक्टरांनी तेव्हाही “बघू या” म्हटलं, आणि परवाही. मधल्या काळात त्यांचा चष्मा बदलला.

संध्याकाळी शिडी आला. सामना झाला की दुसऱ्या दिवशी यायचाच. दारातून वाकून शिरला, खुर्ची सोडून ठेंगण्या पाटावर पाय दुमडून बसला आणि डिंक्याचा हात हातात घेऊन बोटं चोळू लागला.

“काल वाट लागली रे,” तो डिंक्याला सांगू लागला. “तू असतास तर त्या काळ्या चड्डीवाल्यांची काय बिशाद होती. सर तर असे लाल झाले होते, मला वाटलं आता शिट्टी गिळतात.”

नवरा हसला. “सांग सांग, त्याला आवडतं.”

मावशीला इस्पितळातला दिवस आठवला. शिडी असाच बसला होता, रडून डोळे सुजलेले. म्हणाला होता, तू येईपर्यंत मी तुझ्या आकड्याला हात लावणार नाही. तेव्हा तो आकडा त्याच्यापासून कितीतरी लांब होता; पोराने पोरासारखं काहीतरी म्हटलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. नको म्हणाली नव्हती.

“क्लबचे पाहुणे आले होते ना?” तिने विचारलं.

“कोण?” शिडीची बोटं थांबली, मग पुन्हा चोळू लागली. “हां, ते. आले होते. त्यांना घाई होती.”

“तुझी आई काय म्हणाली?”

“तिला सांगितलं, माझा गुडघा दुखतोय.” तो कसनुसा हसला. “रोज फोनवर शेक घे म्हणते.”

“शनिवारी एकजण परत येणार आहे.”

“बघू,” शिडी म्हणाला. मग डिंक्याच्या कानाशी वाकला. “तू काळजी करू नकोस, राजा. आकडा जागच्या जागी आहे. कुणाला शिवू देणार नाही. तू उठ फक्त.”

“उठणार की!” नवरा चादर नीट करत म्हणाला. “पुढच्या मोसमात बघ, दोघं एकत्र खेळाल.”

“हो काका.”

किती सहज म्हणाला. पुढच्या मोसमात शिडी कॉलेजात असणारच नव्हता. त्याचं हे शेवटचं वर्ष. तिघांनाही ते ठाऊक होतं. मावशी उठली, पिशवीतून एकवीस नंबर काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

“हुंग.”

“काय?”

“हुंग म्हणते ना.”

शिडीने जर्सी नाकाला लावली. “धुतलीस वाटतं. वास नाही कसला.”

“धुतली नाही. कालची आहे, तशीच आणलीय.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “माझ्या पाटीत एक कोरी जर्सी यायची. आता दोन येतात.”

शिडी जर्सीकडे बघत राहिला. त्याचे ते लांब खांदे हळूहळू खाली आले.

“अगं, पोर दमलंय,” नवरा घाईने म्हणाला. “चहा टाक की. काय हे वास घ्यायला लावतेस…”

“अहो, थांबा.”

“नको,” नवरा म्हणाला. आता हळू. ती काय बोलायला निघालीय ते त्याला कळलं होतं, आणि त्याने पलंगाची कड धरली होती. “नको ना गं.”

शिडीने वर बघितलं. “मावशी, मी त्याला शब्द दिलाय.”

“मला दिलास,” मावशी म्हणाली. “त्याला ऐकू येत नव्हतं, बाळा. तेव्हाही नव्हतं. मी डोक्यावर हात ठेवला, मी ठेवून घेतला तो शब्द. आता परत घे.”

ती डिंक्याच्या उशाशी गेली. कपाळावरचे केस मागे सारले, तो मैदानावर निघताना सारायची तसे. मुठीतून मोज्याचं टोक बाहेर आलं होतं, ते आत सरकवलं. नवऱ्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

“शनिवारी उडी मार,” ती म्हणाली. “डिंक्या आता उठायचा नाही.”