मुखरूच्या खांद्यावरचं वासरू

कापूस. बांबूच्या चार कामट्या. जुनं लुगडं, फाडून पट्ट्या केलेलं.

सावली गावच्या बाजारात कुणीतरी विचारलं, "मुखरूभाऊ, खांद्यावर देव घेऊन कुठी निघाले?"

कोलाजेन. हा शब्द मुखरूच्या गावात त्या वर्षी पहिल्यांदा उच्चारला गेला, त्याच्याच तोंडून. चुकीचाच.

हे सगळं एका वासरापायी. छप्पन सालच्या हिवाळ्यात मुखरूच्या गायीला वासरू झालं, पण त्याचे पुढचे दोन्ही पाय खुरांच्या वर आत दुमडलेले. उठायला गेलं की तोंडावर आपटायचं, आचळापर्यंत पोचायचंच नाही. शेजारचा रामाजी बघून म्हणाला, "जंगलाच्या काठी ठेवून दे. असं जगत नाई."

मुखरूनं ते वासरू उचललं आणि थेट सावलीला ढोरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गुणवंतरावांनी पाय हळूहळू ताणला, कापूस लावून कामट्या बांधल्या आणि बजावलं, "रोज चालवा."

मुखरूनं सगळं केलं. पट्ट्या बदलल्या, तेल चोळलं, गायीखाली धरून दूध पाजलं. चालवलं तेवढं नाही. वासरू पडलं की हा लगेच उचलायचा. मग तो त्याला खांद्यावर टाकून शेतावर न्यायचा, तळ्यावर न्यायचा.

बायको, गोकुळा, म्हणायची, "पोटच्या लेकरायले कधी एवढं उचललं नाई तुमी."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पाय चाचपला. "हा तर तसाच आहे. चालवत नाही का?"

"पडते ना ते, साहेब."

"पडू द्या. मांस हाडाला बांधणारी जी शीर असते, ती धाग्यांची. शरीरातल्या पेशी ते धागे कातून आपल्या बाहेर रचतात. कोलाजेन म्हणतात त्याला. पोटात पाय दुमडून राहिला, शीर आखूड झाली. आता नवे धागे पडतायत, पण ओढ लागेल त्याच दिशेनं ते नीट बसतात. तुम्ही ओढच लागू देत नाही."

मुखरूनं विचार केला. "म्हणजे मजूर कामावर हायेत, अन् मुकादमाले मी खांद्यावर घेऊन फिरून राह्यलो?"

डॉक्टर हसून म्हणाले, "वजन हाच मुकादम. खाली ठेवा त्याला."

सांगणं सोपं होतं. शेवटी गोकुळानंच मनावर घेतलं. खळ्यावर धान चुरायला बैल गोल फिरत होते. तिनं गायीला शेवटच्या बैलाशेजारी बांधलं आणि वासरू मऊ तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, सोडलं. मुखरूच्या हातात टोपली दिली, बैलांचं शेण धानात पडण्याआधी झेलायला.

"दोन्ही हातानं धरा," ती म्हणाली. "हात रिकामे दिसले तर पाहा."

आई चालू लागली. वासरू हंबरलं, उठलं, पडलं. मुखरू टोपली घेऊन बैलांमागे धावत होता आणि मान वळवून वासराकडे बघत होता. त्या नादात शेण त्याच्या पायावर पडलं. रामाजी हसून हसून तणसात बसला.

खळं चाललं तितके दिवस हेच. आधी खुरांची टोकं टेकली, मग अर्धे खूर. एका सकाळी कामट्या सोडल्या तेव्हा दोन्ही खूर जमिनीवर सपाट बसले. वासरू थरथरत उभं राहिलं, चार पायांवर आईपाशी गेलं आणि ढुसण्या देत दूध प्यायलं. मग शेपटी वर करून ते असं उधळलं की पाखडलेल्या धानाची रास त्यानं पार पसरून टाकली.

"आता उचला त्याले," गोकुळा म्हणाली.

मुखरू धावला. वासरू हाती लागेना.

वासरू जन्मलं त्या पहाटे मुखरू वडसा गावी नाटक बघायला जाऊन तिथल्याच मंडपात झोपलेला होता. गोकुळानं एकटीनं ते ओढून बाहेर काढलं होतं. म्हणूनच इतके दिवस तो त्याला खाली ठेवत नव्हता.